टॅपेट वाजत नाहीत, मग उघडायचे कशाला?

बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शिक्षकांचं पत्र आलं आहे. ते राहतात धारूरला, शाळा घाटाखाली, तेलगावच्याही पुढे. जाऊन-येऊन रोजचे ७६ किलोमीटर. गाडी १२५ सीसीची, एअरकूल्ड, बीएस-६. अडीच वर्षांत ४६ हजार किलोमीटर झालेत. गाडीच्या पुस्तकात दर ६ हजार किलोमीटरला व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळची बारीक फट, जिला आपण टॅपेटचं माप म्हणतो) तपासा असं लिहिलंय आणि मापही दिलंय: इनटेक ०.०८, एक्झॉस्ट ०.१२ मिलिमीटर. फ्री सर्व्हिसिंग साधारण १२ हजारांवर संपल्या, त्यानंतर टॅपेटला कोणी हात लावलेला नाही. गावातले मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, बारा वर्षांपासून यांच्या घरच्या गाड्या बघतात. ते म्हणतात, "आवाज नाही ना सर? मग खोलायचं नाही." शाळेतल्या एका सहकाऱ्याने मात्र टॅपेट सेट करून घेतले आणि त्याची गाडी दुसऱ्या दिवसापासून टिकटिक करायला लागली. वडील म्हणतात, चालत्या गाडीला खीळ कशाला घालतोस? आणि स्वतः सरांना मनातून वाटतं की हे सर्व्हिसचे आकडे कंपन्यांनी कमाईसाठीच छापलेले असावेत. तरीही घाट चढताना पुस्तकातलं ते पान आठवतं. त्यांचा प्रश्न असा: पुस्तक खरं की मिस्त्री? की मी उगाच घाबरतोय?

सर, नमस्कार.

तुम्ही उगाच घाबरत नाही, हे आधी सांगून टाकतो. ३४ हजार किलोमीटर टॅपेट न बघता रोज घाट चढणाऱ्या गाडीची काळजी वाटणं रास्तच आहे. आणि चाचा चूक आहेत असंही मला म्हणायचं नाही. आवाज आला म्हणजे टॅपेट सैल झाले, हे त्यांचं म्हणणं बरोबर. पण आवाज नाही म्हणजे टॅपेट ठीक, असं त्यातून निघत नाही. टॅपेट घट्ट होतात तेव्हा गाडी वाजत नाही. ती आधीपेक्षा जास्तच शांत होते.

असं का होतं ते नीट सांगतो, कारण ते कळलं की पुस्तकातला आकडा वेगळा दिसायला लागतो. इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या भागात, दोन व्हॉल्व्ह असतात. एकातून (इनटेक) हवा आणि पेट्रोल आत येतं, दुसऱ्यातून (एक्झॉस्ट) जळालेला वायू सायलेन्सरकडे जातो. कॅम (उंचवटा असलेला फिरता दांडा) फिरला की रॉकर (छोटी तरफ) हलतो, रॉकर व्हॉल्व्हच्या दांडीला दाबतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्ह मिटलेला असताना रॉकरचा स्क्रू आणि दांडी यांच्यात बारीकशी फट ठेवलेली असते. आपण टॅपेटचं माप म्हणतो ते या फटीचं माप. तुमच्या एक्झॉस्टची फट प्रिंटरच्या एका कागदाच्या जाडीहून किंचित जास्त आहे, इनटेकची किंचित कमी. तापल्यावर दांडी लांबते, त्या वाढीला जागा हवी म्हणून ती ठेवलेली.

इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. ५ हजार आरपीएमवर तासभर गाडी चालली तर एकेक व्हॉल्व्ह दीड लाख वेळा उघडून तितक्याच वेळा आपल्या सीटवर, म्हणजे हेडमधल्या बैठकीच्या कडीवर, बसतो. या उघडझापीत झीज दोन जागी होते आणि दोन्हींचा परिणाम एकमेकांच्या उलट असतो. रॉकरचं टोक आणि कॅम झिजला की फट वाढते, टिकटिक सुरू होते, आणि चाचांचा कान ती लगेच पकडतो. व्हॉल्व्हची कड आणि सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा खोल बसतो, त्याची दांडी रॉकरच्या बाजूला सरकते आणि फट कमी होत जाते. ही दुसरी झीज कोणाच्याच कानाला कळत नाही.

फट संपली की खरा त्रास एक्झॉस्टला होतो. तो पेटलेल्या वायूच्या तोंडावर बसलेला असतो आणि त्याची बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावरच उतरते. फट उरली नाही तर तो पूर्ण टेकत नाही. मग केसाएवढ्या जागेतून गरम वायू सारखा निसटत राहतो, कड तापून तापून जळायला लागते, आणि एकदा जळायला लागली की ती गळतीची जागा आणखी मोठी होत जाते.

माझ्या गाडीचं हेच झालं. नांदेडला नोकरीला होतो तेव्हा १०० सीसीची गाडी होती आणि लोहा-कंधार भागात रोजची फिरती. गाडी इतकी गुपचूप चालायची की सोबतचे कौतुक करायचे. आधी सकाळच्या किका वाढल्या. मग साठच्या घरातलं ॲव्हरेज पन्नासच्या खाली आलं. मी कार्बोरेटर साफ करून घेतला, प्लग बदलला, पेट्रोलपंपही बदलून बघितला. टॅपेटचा विचार माझ्या मनातसुद्धा आला नाही, कारण आवाजच नव्हता. एका दुपारी लोह्याच्या पुढे साध्या चढावर गाडीने दम टाकला तो टाकलाच. टेम्पोत घालून आणली. हेड उघडल्यावर मिस्त्रीने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुसून माझ्या तळहातावर ठेवला. गोल कड एका जागी नखाएवढी खाल्लेली होती, त्याच्या शेजारचा भाग राखेसारखा पांढुरका पडला होता, आणि बाकीची सगळी कड साबूत. त्या नखाएवढ्या जागेपायी नवा व्हॉल्व्ह, सीटचं काम, गॅस्केट, आणि आठ दिवस एसटी. थंड इंजिनावरच्या पाऊण तासाच्या कामात हे टळलं असतं. तो व्हॉल्व्ह मी अजून जपून ठेवला आहे.

म्हणून तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाला मला हात घालायचाय. तुम्ही लिहिता, चाचांकडे टॅपेट जळून आलेली एकही गाडी त्यांनी बघितलेली नाही. बघितल्या असणार, सर. फक्त त्या गाड्या "टॅपेट" म्हणून आल्या नसणार. "पिकअप नाही", "सकाळी स्टार्ट होत नाही", "कॉम्प्रेशन गेलं" अशा नावांनी आल्या असणार. हेडचं काम झालं आणि गाडी गेली. सैल टॅपेट स्वतःचं नाव घेऊन येतो, घट्ट टॅपेट दुसऱ्याच्या नावावर येतो. बारा वर्षांच्या अनुभवातही ही गोष्ट निसटू शकते आणि त्यात चाचांचा कमीपणा काही नाही.

कानाने टॅपेट लावण्यात आणखी एक धोका आहे आणि तो न बघण्यापेक्षा मोठा आहे. गिऱ्हाईक म्हणतं, आवाज येतोय. मिस्त्री स्क्रू थोडा पिळतो, आवाज गेला, गिऱ्हाईक खूश. पण आवाज टॅपेटचाच होता कशावरून? टायमिंग चेन सैल असली तरी हेडच्या बाजूने आवाज येतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आले, आणि इंजेक्टर सुद्धा बारीक टिकटिक करतो. त्याचं ते कामच आहे. तो आवाज टॅपेटचा समजून पिळत पिळत शांत केला तर ठीक असलेली फट संपवली जाते. कानाने केलेलं सेटिंग नेहमी घट्ट बाजूलाच झुकतं, कारण कान शांततेला बक्षीस देतो.

आता तुमच्या सहकाऱ्यांची गाडी. सेटिंगनंतर टिकटिक सुरू झाली म्हणजे काम बिघडलं, असं तुम्ही धरलं आहे. बिघडलेलंही असू शकतं. टॅपेटचा स्क्रू जागेवर धरणारा लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो, मग माप सैल राहतं. पण आधी फट कमी झालेली होती आणि आता ती बरोबर ठेवली, म्हणून हलकी टिकटिक यायला लागली, हेही तितकंच शक्य आहे. एअरकूल्ड इंजिनाची थंडपणी थोडी टिकटिक ही तब्येतीची खूण असते. खरं काय ते थंड गाडीवर फिलर गेजची पाती (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघितल्याशिवाय ना तुम्हाला कळेल ना मला. त्यांना सांगा, वाजतेय म्हणून लगेच पिळून घेऊ नका, आधी मोजून घ्या. मापात थोडं सैल असलेलं चालून जातं, थोडं घट्ट असलेलं चालत नाही.

कंपनीच्या कमाईचा तुमचा संशय मी समजू शकतो. पण तुमच्या गाडीच्या टॅपेट तपासणीत विकायला काय आहे? स्क्रू आणि नट गाडीत आहेतच. फार तर झाकणाचा एखादा रबरी ओरिंग. वेळ मात्र जातो, कारण गाडी रात्रभर थंड ठेवावी लागते, आणि गर्दीच्या सर्व्हिस सेंटरला तोच वेळ नसतो. कमाईसाठीच छापायचं असतं तर हे काम छापून कोणाचं भलं झालं नसतं. तुमच्या तीन फ्री सर्व्हिसिंगच्या जॉबकार्डवर या कामापुढे टिक आहे आणि म्हणून तेव्हा सगळं ठीक होतं, असं तुम्ही लिहिलंय. त्या टिकेशेजारी आकडा आहे का? नसेल तर तिला माप समजू नका. सकाळी नऊला गाडी दिली आणि अकराला मिळाली असेल, तर थंड इंजिनावर मोजणं झालेलं नाही, हे सरळ आहे.

एवढं सगळं पुस्तकाच्या बाजूने बोललो, पण ६ हजारांचा आकडाही काही दगडावरची रेघ नाही. तो आकडा ठरवणाऱ्याला तुमचा घाट माहीत नव्हता. गाळपाच्या दिवसांत उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत चढणारी गाडी आणि सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये पन्नासने जाणारी गाडी, दोघींचे ६ हजार सारखे नसतात. एअरकूल्ड इंजिनाला समोरून येणारा वारा हेच थंडावण्याचं साधन, आणि ट्रॉलीमागे वारा नसतो. त्यात आपला उन्हाळा, रस्त्याच्या कामांची धूळ, मागे बसलेलं माणूस. तुमच्या वापरात पुस्तकातलं अंतर सैल धरण्यासारखं काही मला दिसत नाही. तेच उलट, एखाद्याची गाडी लातूर शहरात आठवड्याला चाळीस किलोमीटर चालत असेल, तर त्याने किलोमीटरची वाट न बघता वर्षातून एकदा बघून घेतलेलं बरं.

मग आकडा कोणाचा धरायचा? तुमच्याच गाडीचा. एक वही करा. दर तपासणीला चार आकडे लिहा: इनटेक किती सापडली, किती ठेवली, एक्झॉस्ट किती सापडली, किती ठेवली. सोबत तारीख आणि किलोमीटर. यातला "सापडली" हा रकाना सगळ्यात मोलाचा आणि तोच कोणी लिहीत नाही. मिस्त्री थेट सेट करून मोकळा होतो, आणि गाडीने मागच्या सहा हजारांत काय केलं याचा पुरावा पुसला जातो. तीन तपासण्यांचे आकडे जमले की बघा. फट दर वेळी ०.०१-०.०२ च्या आत हलली असेल तर पुढचं अंतर ६ चं ९ हजार करायला माझी हरकत नाही, कारण गॅरंटीचा प्रश्न तुमच्यापुढे उरलेला नाही. ज्यांची गॅरंटी चालू आहे त्यांनी मात्र पुस्तकातलं अंतरच पाळावं आणि बिल जपून ठेवावं. एक्झॉस्ट दर वेळी कमीच सापडत असेल तर अंतर वाढवायचं सोडा, ते ४ हजारांवर आणा. मुलांची प्रगती तुम्ही एका चाचणीवरून ठरवत नाही, तसंच हे आहे.

तुमच्या हिशोबाने ६ हजार साडेतीन महिन्यांत भरतात. तारखा लक्षात ठेवायला शाळेचं वर्षच बरं: जूनमध्ये शाळा उघडण्याआधी एकदा, महालक्ष्म्यांच्या सुट्टीत एकदा, आणि संक्रांतीला एकदा. मे महिना गाडी उभीच असते, त्यामुळे एवढ्यात गणित बसतं.

थंड इंजिनाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण आपल्याकडे इथेच गडबड होते. होंडाच्या मोटरसायकलींच्या सर्व्हिस पुस्तकांत इंजिन ३५ अंश सेल्सिअसच्या खाली असताना माप घ्या असं लिहिलेलं असतं. आता बीड-परभणीकडचा मे आठवा. दुपारी सावलीतसुद्धा ४०-४२. गाडी सकाळपासून बंद उभी असली तरी तिचा धातू ३५ च्या खाली येणारच नाही, कारण हवाच तेवढी थंड नाही. लोक म्हणतात, दोन तास थंड केली होती. उन्हाळ्यात दुपारी दोन तास काय, चार तास ठेवूनही उपयोग नाही. गरम धातू फुगलेला असतो आणि त्यावर घेतलेलं माप पुस्तकातल्या मापाशी ताडून बघता येत नाही. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी मिस्त्रीच्या दुकानी लावून यायची, किंवा त्यांना सकाळी सहाला घरी बोलवायचं. आणि गाडी दुकानापर्यंत चालू करून नेली तर तेवढ्यानेही ती तापते, हे त्यांनाही आठवण करून द्यायचं. जूनची तपासणी पहिल्या पावसानंतरच्या सकाळी जमली तर उत्तम.

आता चाचा. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त जाणवली ती ही अडचण: "त्यांना गेज लावा म्हटलं तर विश्वास नाही असं वाटेल." बारा वर्षांच्या संबंधांची ही काळजी मला फार आवडली आणि ती खोटी नाही. माझं सुचवणं असं की हा विषय त्यांच्या चुकीचा करूच नका. वही घेऊन जा. म्हणा, "चाचा, मला गाडीचे आकडे लिहून ठेवायचेत. तुम्ही पाती घाला, मी लिहितो." फिलर गेज स्वतः विकत घेऊन न्या. घेताना तुमच्या मापाच्या पाती त्यात आहेत का बघा; काही संचांत ०.०५ नंतर थेट ०.१० असते, आणि तुम्हाला ०.०८ आणि ०.१२ दोन्ही लागणार. आवाजाचं निदान चाचांच्या कानावरच सोडा, त्यात ते तुमच्या-माझ्यापेक्षा फार पुढे आहेत. फट मात्र पातीला मोजू द्या. हातात कसब असलेल्या माणसाला माप दाखवलं की त्याला राग कमी येतो आणि कुतूहल जास्त वाटतं, हा माझा अनुभव आहे. पहिल्यांदा एक्झॉस्टमध्ये पाती शिरली नाही, तर पुढच्या गिऱ्हाइकाच्या गाडीलाही ते स्वतःहून लावून बघतील.

स्वतः करावं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. तुमच्या गाडीचे टॅपेट स्क्रू आणि लॉकनटचे आहेत, शिकण्याजोगं काम आहे. पण पहिल्या दोन वेळा चाचांशेजारी बसून करा. मॅग्नेटच्या कव्हरवरची झाकणं काढून, पुस्तकात दिलेल्या दिशेने क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) पान्याने हळूहळू फिरवायचा. प्लग काढून ठेवला की हात हलका जातो. कव्हरच्या छोट्या खिडकीत टी ची खूण जुळली की पिस्टन वर आला, पण ती खूण दोनदा येते आणि त्यातली एकच आपल्या कामाची. इनटेकचा रॉकर दबून पुन्हा वर आला, त्यानंतर येणारी टी ची खूण धरायची. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलायला हवेत. तरीही एक्झॉस्टचा रॉकर हलत नसेल, तर खूण चुकली नाही ना ते क्रँक आणखी फिरवून, इनटेकचा रॉकर पुन्हा दबून वर आल्यानंतरच्या खुणेवर बघा. पुन्हा तसंच असेल तर तोच तुमचा निकाल.

सेट करण्याआधी मोजायचं. ०.१२ ची पाती शिरते का बघा, नाही तर ०.१०, नाही तर ०.०८. जी शिरेल ती वहीत. मग लॉकनट ढिला करून स्क्रू फिरवायचा, आणि बंद वहीतून कागद ओढताना जेवढी ओढ लागते तेवढी पातीला लागली की थांबायचं. स्क्रू धरून ठेवूनच नट आवळायचा, आणि आवळल्यावर पाती पुन्हा घालून बघायची. हे शेवटचं पाऊल निम्मे लोक गाळतात आणि माप तिथेच बिघडतं. झाकण उघडण्याआधी हेडभोवतीची धूळ फडक्याने आणि ब्रशने नीट काढा. आपल्या काळ्या मातीचा एक खडा आत गेला तर सगळ्या मेहनतीचं नुकसान.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन-तीन गोष्टी. सगळ्या गाड्यांचे टॅपेट सारखे नसतात. रॉयल एनफिल्डच्या ३५० मधल्या मागच्या पिढीच्या, म्हणजे यूसीई इंजिनात, हायड्रॉलिक टॅपेट होते. त्यांची फट तेलाच्या दाबाने आपोआप राखली जाते आणि तिथे स्क्रू फिरवायचं कामच नाही. २०२० च्या शेवटी मिटिओर ३५० आली, तिच्यापासूनच्या नव्या ३५० इंजिनात मात्र स्क्रूचे टॅपेट आहेत. "बुलेटला टॅपेट नसतात" हे ऐकून नवी गाडी तशीच पळवणारे मला भेटलेत, त्यांनी पुस्तक उघडून बघावं. ज्या स्पोर्ट्स गाड्यांत डबल कॅम आणि शिम (स्क्रूऐवजी फट ठरवणाऱ्या मापाच्या चकत्या) असतात, त्यांचं अंतर बरंच मोठं असतं. कावासाकी निंजा ३०० ला ते २४ हजार किलोमीटर आहे. शिमची फट झिजेने हळू बदलते, पण बदलायची वेळ आली तर टाकी काढा, कॅम काढा, जुनी शिम मोजा, नवी हिशोबाने घाला, असं दिवसभराचं काम निघतं. अशा गाडीवाल्यांनी निव्वळ तपासणीसाठीही शिम भरणारा, माप लिहून देणारा माणूस शोधावा, मग त्यासाठी संभाजीनगर किंवा सोलापूर गाठावं लागलं तरी चालेल. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, त्यामुळे त्या भागात इंजिनाचं माप घेतलेले हात पुष्कळ आहेत. आणि घरातली स्कूटर विसरू नका. तिलाही टॅपेट असतात, आणि प्लास्टिकच्या आत झाकलेल्या त्या इंजिनाकडे तर कोणाचंच लक्ष जात नाही.

वडिलांशी वाद घालू नका, सर. त्यांना एवढंच विचारा की बैलगाडी होती तेव्हा वंगणाची नळी गाडीखाली का लटकवलेली असायची. आख कुरकुरायची वाट बघून कोणी वंगण देत नव्हतं. लांबचा पल्ला असला की निघायच्या आधी चाक काढून देत. खीळ काढावी लागायची ती त्याचसाठी, आणि गाडी त्यामुळेच चालायची. मला वाटतं ते हसतील आणि सकाळी सहाला तुमच्याशेजारी येऊन बसतील.

आता तुमची पहिली तपासणी. ३४ हजारांनंतरची असल्यामुळे तिला मी नेहमीची समजत नाही. येत्या रविवारी सकाळी करून घ्या, जूनची वाट बघू नका. एक्झॉस्ट ०.०८ च्या वर सापडली तर ०.१२ ला लावा आणि निर्धास्त शाळेला जा. त्याच्या खाली पण रॉकर हलण्याइतकी सापडली, तर लावून घ्या आणि १ हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. रॉकर हललाच नाही, म्हणजे फट शून्य, तर नुसतं सेट करून घाट चढू नका. चाचांना आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब नीट धरतो का, ते बघायला सांगा. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर ०.१२ ला लावा, ५०० किलोमीटर सपाटीवर चालवा, पुन्हा थंड गाडीवर मोजा. तेवढ्यात फट परत कमी झाली असेल तर सीट बसत चालली आहे, मग हेड उतरवून व्हॉल्व्ह लॅप करून, म्हणजे सीटवर घासून नीट बसवून, घ्यावे लागतील. आज ते काम व्हॉल्व्ह न बदलता होण्याची शक्यता आहे, आणखी पाच हजार किलोमीटरनंतर ती राहीलच असं नाही. तेवढे दिवस शाळेला सहकाऱ्यांच्या मागे बसून जा, आणि जाता जाता त्यांच्याही गाडीचं माप घ्यायचं ठरवून टाका. दोन्ही गाड्यांचे आकडे मला कळवा.